ज्यांना आम्ही ‘पंचनामा’ म्हणायचो

आमच्या इन्चार्ज सिस्टरकडून बँडेजचा एक रोल मागायचा तर आधी जखम दाखवावी लागे. ‘चार नंबरला ड्रेसिंग आहे’ एवढ्यावर भागायचं नाही. त्या उठून चार नंबरच्या खाटेपर्यंत चालत यायच्या, पाय बघायच्या, मग कमरेच्या जुडग्यातली किल्ली काढून कपाट उघडायच्या आणि मापाचा रोल हातावर ठेवायच्या. उरलेला तुकडा परत द्यायचा. नांदेडच्या त्या दवाखान्यात मी नवीन रुजू झाले तेव्हा मला वाटलं, बाई चिकट आहे. सरकारी माल माहेराहून आणल्यासारखा जपते.

खरं कारण पंधरा दिवसांनी कळलं आणि त्यात माझीच शोभा झाली.

आमचा वॉर्ड बायकांचा होता. ताप, दमा, शुगर, काहीही घेऊन बाया यायच्या, आणि त्यातल्या बऱ्याच म्हाताऱ्या डोक्यानं कुठंतरी भलतीकडंच असायच्या. नातवाला भाऊ म्हणायच्या, दवाखान्याला बाजार म्हणायच्या. नर्सिंगला आम्हाला या आजारावर दीड पान होतं. मी ते घोकून परीक्षेत लिहिलं होतं आणि चांगले मार्क मिळवले होते. वॉर्डात आल्यावर मात्र मी बाकीच्या सगळ्यांसारखीच ‘म्हातारचळ’ म्हणायला लागले. नाव कुणी घ्यायचं नाही, ‘ती बारा नंबर येडी’ म्हटलं की सगळ्यांना समजायचं. येड्या माणसाला काय कळतंय, असं आम्हाला मनापासून वाटायचं, हे आज लिहिताना लाज वाटते.

तर बारा नंबरला धर्माबादकडची एक आजी होती. छातीत कफ भरलेला, सलाईन चालू. एका ड्युटीत तिनं तीनदा सुई उपसून टाकली. तीनदा मी शीर शोधली. चौथ्यांदा माझं डोकं फिरलं. खिशात ड्रेसिंगचा उरलेला तुकडा होता, परत द्यायचा राहिलेला. त्याचे दोन भाग केले आणि आजीची दोन्ही मनगटं खाटेच्या दांडीला बांधून टाकली. पाच मिनिटांत सिस्टर आल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी गाठी सोडल्या, आजीचं मनगट हातात घेतलं आणि मला विचारलं, “हे कुठून आणलंस?”

“उरलेलं होतं, सिस्टर.”

“जखम कुठं होती?”

“नव्हती.”

“आता झालीय बघ,” त्या म्हणाल्या आणि आजीच्या मनगटावरचा लाल वळ मला दाखवला.

मग त्यांनी दाराशी उभ्या असलेल्या आजीच्या मुलाला बोलावलं. इथं त्यांचं टोपणनाव सांगायला पाहिजे. मागं सगळे त्यांना ‘पंचनामा’ म्हणायचे. म्हातारी भरती झाली की सिस्टर नातेवाइकाला समोर बसवून असले प्रश्न विचारायच्या की माणूस घाबरून जाई. चहा कपातून पितात का बशीतून? कुणाला भ्यायच्या? रुसल्या की कुठं जाऊन बसायच्या? उत्तरं त्या चिकटपट्टीवर बारीक अक्षरात लिहायच्या आणि पट्टी खाटेला चिकटवायच्या. डॉक्टर लोक हसायचे. एकदा एक जावई चिडून म्हणाला होता, “बाई, तुम्ही पोलिसात का गेला न्हाईत?” तर त्या म्हणाल्या, “उंचीत नापास झाले.”

आजीच्या मुलाला त्यांनी विचारलं, “हातानं काय करायच्या या?”

“काय करणार जी. म्हातारी हाय.”

“म्हाताऱ्या आत्ता झाल्या. आधी काय करायच्या?”

“मिरचीवर जायची. देठं खुडायला.”

“किती वर्षं?”

“मी पोटात होतो तवापासून, म्हनं.”

सिस्टरनी मला आजीचा हात बघायला लावला. अंगठा आणि पहिलं बोट सारखं कशाला तरी चिमटीत धरत होतं, पिरगाळत होतं, टाकत होतं. चादरीचा दोरा सापडला तर दोरा, सलाईनची नळी सापडली तर नळी. “ही सुई काढत नाही गं,” सिस्टर म्हणाल्या. “ही कामावर आहे.”

त्यांनी स्वयंपाकघरातून मेथीची जुडी मागवली, सलाईनचा हात सदऱ्याच्या बाहीत झाकला आणि जुडी आजीच्या मांडीवर ठेवली. आजीनं एक काडी खुडली, दुसरी खुडली. मग माझ्याकडं बघून म्हणाली, “माल वला हाय. व्यापारी घेत न्हाई.” सिस्टर म्हणाल्या, “उद्या वाळवून आणतो, आजी.” सलाईन संध्याकाळपर्यंत सुरळीत उतरलं. मला शरम वाटली आणि खरं सांगायचं तर थोडा रागही आला. एवढी साधी गोष्ट आपल्याला का सुचू नये, याचा.

असं त्यांच्याजवळ शिकणं म्हणजे रोज थोडं थोडं सोलून घेणं. पेशंटला “मला ओळखलं का, मी कोण सांगा बरं?” असं विचारलेलं त्यांना खपायचं नाही. “परीक्षा घ्यायला तू काय मास्तरीण लागून गेलीस? तुझं नाव तू सांग.” आणि शिक्षा म्हणून सगळ्यांदेखत विचारायच्या, “बरं, मागच्या सोमवारी दुपारी डब्यात काय भाजी होती तुझ्या?” कुणालाच आठवायचं नाही. म्हाताऱ्या माणसाच्या पाठीमागून जायचं नाही, समोरून जायचं. तोंडावरचा मास्क खाली ओढून बोलायचं. हात धुवायच्या बेसिनवरचा आरसा त्यांनी एकदा चादरीनं झाकला, कारण सहा नंबरच्या आजीला आरशातली बाई रोज शिव्या द्यायची. मोठे डॉक्टर राउंडला आले, आरसा झाकलेला बघून भडकले. सिस्टर शांतपणे म्हणाल्या, “सर, तुम्हाला केस विंचरायचेत का?” डॉक्टरांना टक्कल होतं. चादर आणखी महिनाभर तशीच राहिली.

त्यांचं एक वाक्य मात्र मी वहीत लिहून ठेवलं होतं. “सकाळी शहाणी आणि दुपारी येडी, असा म्हातारचळ नसतो. तो वर्षं घेतो. तासात कुणी बिघडलं तर आधी साखर बघ, ताप बघ, लघवी बघ. मग येडी म्हण.”

त्या मूळच्या लातूरच्या. नवरा लवकर गेला होता, लेक लातूरलाच दिलेली. शनिवारी ड्युटी संपली की एसटीनं लेकीकडं जायच्या आणि सोमवारी पहाटेच्या गाडीनं थेट वॉर्डात. जेवण उभ्यानं, भाकरी आणि ठेचा, तेही सिस्टर रूमच्या दारात, म्हणजे वॉर्ड दिसत राहावा. मी इस्लापूरची, बौद्ध घरातली, घराण्यातली पहिली नोकरदार मुलगी. पहिल्या दिवशी त्यांनी माझाही पंचनामा केला होता. शेवटी म्हणाल्या, “तुला घाई लई आहे. ती सोड, मग तू चांगली नर्स होशील.” कुणी माझ्याबद्दल एवढं लक्ष देऊन बोललेलं मला आठवत नव्हतं. मी त्यांच्यावर जीव टाकायला लागले. पुढं जे घडलं ते त्यामुळंच.

आमच्याकडं ड्युटी बदलताना ‘ओव्हर’ द्यायची पद्धत आहे. जाणारी सिस्टर येणारीला प्रत्येक खाटेपाशी उभं राहून पेशंटचं सगळं सांगते. सिस्टर तीस खाटांची ओव्हर कागद न बघता द्यायच्या. रुजू होऊन मला तीन वर्षं झाली असतील, एका सकाळी त्यांनी खिशातून छोटी डायरी काढली आणि वाचून ओव्हर दिली. मला त्यात काही वाटलं नाही. मग सिस्टर रूममधल्या कपाटांवर चिकटपट्ट्या आल्या. गॉज. सिरिंज. माझा डबा. सगळ्या हसल्या. पंचनामाचं नवीन खूळ, म्हणाल्या. पहिल्यापासूनच विक्षिप्त असलेल्या माणसाचं हेच अवघड असतं, नवीन काही झालं तरी ते जुन्याच खात्यात जमा होतं.

एका दुपारी त्यांनी मला विचारलं, “अकरा नंबरचा मुलगा येऊन गेला का?” मी हो म्हटलं. पाऊण तासात तेच पुन्हा. सुट्टीच्या आधी तिसऱ्यांदा. तोच चेहरा, तोच सूर, आणि आधीच्या दोन वेळांची पुसटशीही खूण नाही. हे काय असतं ते बघायला मला त्यांनीच शिकवलं होतं.

त्यांच्या रिटायरमेंटला अकरा महिने राहिले होते.

मी काय केलं? मी गप्प बसले. सगळ्या नर्सवरच्या मेट्रनला सांगितलं नाही, वॉर्डात सांगितलं नाही, त्यांना तर नाहीच नाही. वर त्यांच्या मागंमागं फिरायला लागले. त्यांनी गोळ्यांचा ट्रे लावला की मी पुन्हा तपासायची. त्यांनी सिरिंज भरली की “सिस्टर, मी देते, तुम्ही बसा” म्हणून हातातून घ्यायची. त्यांनी रजिस्टरमध्ये चुकीची तारीख टाकली की नंतर हळूच बदलायची. कधी त्या मला दुसऱ्याच सिस्टरच्या नावानं हाक मारायच्या. मी ओ द्यायची. सगळ्याजणी मला ‘शेपूट’ म्हणायला लागल्या. रोज घरी जाताना सुटल्यासारखं वाटायचं आणि सकाळी बस दवाखान्याच्या चौकात वळली की डोक्यात तेच सुरू व्हायचं. आज काय असेल? आज कुणाचा नंबर? असे चार महिने काढले. मला वाटायचं, मी त्यांना सांभाळते आहे.

दुपारचं इन्सुलिन इन्चार्ज असूनही त्या स्वतः द्यायच्या. त्यांचा नियम होता, जेवणाचं ताट डोळ्यांना दिसल्याशिवाय सुई टोचायची नाही. इन्सुलिन गेलं आणि जेवण आलं नाही तर माणूस हातचा जातो. नियम इतका पक्का की ताट दिसलं की त्यांचा हात आपोआप ट्रेकडं जाई.

त्या दिवशी आम्हा चौघींना खालच्या हॉलमध्ये ट्रेनिंगला बोलावलं होतं. विषय होता, वृद्ध रुग्णांची काळजी. पडद्यावर चित्रं, समोर बिस्किटं, शेवटी सह्या. मी बिस्किट हातात धरून घड्याळाकडं बघत बसले होते. वर सिस्टर आणि एक नवीन मुलगी, दोघीच होत्या. मध्येच उठून जावं असं तीनदा मनात आलं आणि तीनदा मी बसून राहिले, कारण का निघालीस म्हणून कुणी विचारलं असतं तर मला खरं सांगावं लागलं असतं.

दीड वाजता वर आले. नवीन सिस्टर वैतागून म्हणाली, “सात नंबर येड्यावानी करायली. सकाळी चांगली होती. मघापासून पदर चावायली नि बडबडायली.”

सात नंबर पन्नाशीची होती. पायाला शुगरची जखम, बाकी डोकं एकदम शाबूत. सकाळी तिनं मला माझं लग्न का होत नाही, यावर सल्ला दिला होता. मी धावले. अंग घामानं भिजलेलं, डोळे फिरलेले. बोटाला टोचून साखर बघितली, मशीनवरचा आकडा पार तळाला गेला होता. ओरडून डॉक्टरांना बोलावलं, शिरेतून ग्लुकोज ढकललं. ती दोन-तीन मिनिटं किती लांब असतात ते ज्यांनी बघितलंय त्यांनाच माहीत. मग तिनं डोळे नीट उघडले आणि पाणी मागितलं.

ट्रेमध्ये इन्सुलिनच्या दोन रिकाम्या सिरिंज होत्या. दुपारचं इन्सुलिन तेव्हा एकाच पेशंटला होतं, सात नंबरला.

तिची मुलगी भिंतीला टेकून रडत होती. मी विचारलं, काय झालं. ती म्हणाली, “दवाखान्याचं ताट आलं तवा मोठ्या सिस्टरनी सुई दिली. पन मायला तिथलं जेवन जात न्हाई, तिनं हात बी न्हाई लावला. मंग मी घरचा डबा उघडला, ताटात भाकर वाढली. तर त्या पुन्यांदा आल्या. मी म्हटलं, आत्ताच दिलं की जी. तर म्हनल्या, ताट आत्ता आलंय ना?”

सिस्टर दोन खाटा पलीकडं उभ्या होत्या. “मी अजून दिलंच नाहीये,” त्या मला म्हणाल्या, “ताट यायचंय.”

डॉक्टरांनी विचारलं, डोस कुणी दिला. मी म्हटलं, “रिपोर्ट देते, सर.” ते दुसऱ्या पेशंटकडं गेले. आता माझ्यासमोर दोन वाटा होत्या. ‘पेशंट जेवली नाही म्हणून साखर उतरली’ असं लिहिलं असतं तर कुणी चौकशी केली नसती. मुलगी खेड्यातली, तिनं तक्रारही केली नसती. सिस्टर उरलेले महिने काढून मानानं रिटायर झाल्या असत्या. आणि उद्या दुपारी पुन्हा एक ताट आलं असतं.

तीन वाजता मी त्यांना सिस्टर रूममध्ये बसवलं, दार लावलं आणि सांगितलं. दोन सिरिंज दाखवल्या. डायरीत त्यांनी वेळ लिहिलेली नव्हती ते दाखवलं. त्या ऐकत होत्या, दुसऱ्या कुणाच्या केसची ओव्हर घ्यावी तशा. मग म्हणाल्या, “बाई वाचली ना?”

“वाचली.”

“कागद आण.”

त्यांनी आपल्या हातानं रिपोर्ट लिहिला. ‘चूक माझी, इन्सुलिन मी दोनदा दिलं, मला पहिलं आठवत नव्हतं.’ सुंदर अक्षर होतं त्यांचं. खाली सही केली. कमरेचं जुडगं सोडून माझ्या हातात दिलं. मेट्रन त्या दिवशी बाहेर होत्या, म्हणून कागद सकाळी द्यायचं ठरलं. त्या घरी गेल्या आणि मी वॉशरूममध्ये जाऊन रडले.

दुसऱ्या दिवशी आठला पाच कमी असताना त्या दारात उभ्या. पांढरा युनिफॉर्म, कडक इस्त्री, केसांना तेल. सगळ्या ओव्हरसाठी जमल्या होत्या. त्यांचा हात कमरेकडं गेला, तिथं काही नव्हतं. “किल्ल्या कुणी घेतल्या?”

किल्ल्या माझ्या खिशात होत्या.

“मी विचारायलेय. इन्सुलिनचं कपाट उघडायचंय मला. किल्ल्या कुणाकडं आहेत?” आवाज चढला. खाटांवरच्या बाया बघायला लागल्या. मला पळून जावंसं वाटलं. मग मी समोर गेले आणि म्हटलं, “माझ्याकडं आहेत, सिस्टर. पण त्या तुम्हाला देता येणार नाहीत.”

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी चोर आहे. मग ती नजर हळूहळू ढिली पडली. “तू मला काल काही सांगितलंस का?”

“हो.”

“मग पुन्हा सांग. आत चल.”

मी पुन्हा सगळं सांगितलं. कागद पुढं ठेवला. त्यांनी चष्मा लावून वाचला, सहीवरून बोट फिरवलं. “अक्षर माझंच आहे,” त्या म्हणाल्या. मग विचारलं, “हे असं माझं कधीपासून चाललंय?”

हे काल त्यांनी विचारलं नव्हतं आणि मीही सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, “चार महिने, सिस्टर. कदाचित जास्त.”

“तुला माहीत होतं?”

“हो.”

“काय केलंस?”

“तुमच्या मागं फिरत होते. तपासत होते. मला वाटलं...”

“मागं फिरलीस,” त्या म्हणाल्या. “समोर का नाही आलीस? मला डॉक्टरकडं जाता आलं असतं. इन्सुलिन माझं मीच सोडलं असतं. बारा नंबरच्या आजीला बांधलंस तेव्हा तिला कळत नाही म्हणून बांधलंस. मलाही कळणार नाही असं वाटलं तुला?”

माझ्या गप्प बसण्यात दया होती, माया होती, सगळं होतं, आणि तरी त्या म्हणत होत्या ते खरं होतं. सात नंबर मेली असती तर ती आम्हा दोघींच्या हातून मेली असती.

त्यांनी कागद माझ्याकडं सरकवला आणि खिशातलं पेन काढून वर ठेवलं. “यात एकच नाव आहे. दुसरं लिही.”

मी लिहिलं. चार महिन्यांपासून माहिती असून कळवलं नाही, असं लिहून खाली नाव टाकलं. त्यांनी कागद उचलून शेवटपर्यंत वाचला, “आता बरोबर आहे” म्हणाल्या, आणि मेट्रनच्या ऑफिसला जायला निघाल्या. मी त्यांच्या बाजूनं चालत होते. जिन्यापाशी त्या थांबल्या. बावीस वर्षं त्या याच इमारतीत वावरल्या होत्या. खालच्या आवाजात त्यांनी मला विचारलं, मेट्रनचं ऑफिस वर आहे का खाली.

“वर आहे, सिस्टर,” मी म्हटलं, आणि आम्ही चढायला लागलो.